ही वायर जाते कुठं?

आपल्या संघातल्या काही गटांनी माल नेण्यासाठी जुनी पिकअप घेतली आहे, काही घेण्याच्या विचारात आहेत. हळद, डाळ, पापड-शेवया वर्ध्याच्या बाजारात न्यायच्या, हंगामात हिंगणघाटला कापसाच्या फेऱ्या करायच्या, लग्नसराईत मंडपाचं सामान वाहायचं. कागदावर हिशोब छान बसतो. गाडी दारात आली की हळद-कुंकू लागतं, नारळ फुटतो. बोनेट मात्र कोणी उघडून पाहत नाही. ताईंनो, आम्हीही पाहिलं नव्हतं.

आमच्या ग्रामसंघाची पिकअप २०११ सालची, सेकंडहॅण्ड घेतलेली. जुन्या पद्धतीचं डिझेल इंजिन, त्यात कॉम्प्युटर नाही. घेतल्यावर चौथ्या महिन्यात हॉर्न वाजेना म्हणून ती एका गॅरेजात नेली. मिस्त्रीनं हॉर्न वाजवून दिला आणि जाता जाता डायनामोजवळची एक बारीक, टेप गुंडाळलेली वायर कापून बाजूला केली. आमच्या खजिनदार ताई तिथंच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काहून कापली जी?" तो म्हणाला, "काही कामाची नाही ताई, कोणी उगाच जोडली असन."

दोन दिवसांनी हिंगणघाटला कापूस टाकून गाडी रात्री परत येत होती. जाम चौरस्ता ओलांडला आणि समोरचे दिवे पिवळे पडायला लागले. हॉर्न घोगरा झाला. इंजिन मात्र चालूच. चालवणारा भाऊ दुसऱ्या एका ट्रकच्या मागं-मागं, त्याच्या उजेडात कसाबसा गावात पोचला. सकाळी चावी फिरवली तर सेल्फ नुसता टकटक वाजला. बॅटरीवाला म्हणाला, बॅटरी गेली. गटाच्या खात्यातून नवी बॅटरी घेतली. तिसऱ्या दिवशी तीही बसली.

शेवटी वर्ध्यातल्या एका जुन्या वायरिंगवाल्या काकांकडं गाडी नेली. त्यांनी बॅटरीकडं पाहिलंच नाही. चावी अर्धी फिरवली, मीटरकडं बोट दाखवलं, म्हणाले, "बॅटरीचा लाल दिवा लागत नाही, पाहा. याच्यात कोणी हात घातला होता?" मग तीच कापलेली बारीक वायर शोधून जोडली. चावी फिरवल्यावर दिवा लागला, इंजिन सुरू झाल्यावर विझला. काम झालं. पहिली बॅटरीसुद्धा चार्ज केल्यावर ठणठणीत निघाली.

आता ती बारीक वायर एवढी मोठी कशी, ते ऐका. डायनामो, म्हणजे कागदोपत्री ज्याला अल्टरनेटर म्हणतात तो, इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करतो. पण त्याच्या आतलं चुंबक आपलं आपण जागं होत नाही. विहिरीवरच्या पंपात आधी तांब्याभर पाणी ओतल्याशिवाय तो पाणी धरत नाही, तसंच. चावी फिरवल्यावर मीटरच्या लाल दिव्यातून जी थोडीशी वीज त्या बारीक वायरनं डायनामोत जाते, तोच तो तांब्या. ती वायर तुटली की बहुतेक डायनामो नुसते फिरतात, वीज देत नाहीत. आणि जुनं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की त्याला जळायला विजेची ठिणगी लागत नाही, दाबानं तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं. म्हणून इंजिन चालत राहिलं, बॅटरी आतून रिकामी होत गेली आणि दिवे मंद होईपर्यंत कोणालाच पत्ता लागला नाही.

त्या दिवसापासून आमच्या ग्रामसंघाच्या गाडीचा एक ठराव आहे, रीतसर बैठकीत झालेला: वायरची दोन्ही टोकं सापडल्याशिवाय ती कापायची नाही. भाग कोणता आहे हे कळल्याशिवाय तो काढायचा नाही. मग आम्ही बोनेट उघडलं. मी काही मेकॅनिक नाही, गटाचं दप्तर लिहिते. पण दप्तर लिहिणारीला जे जमतं तेच इथं लागतं: कुठून आलं, कुठं गेलं, ते लिहून ठेवणं.

आधी हे करा

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड, चावी काढून खिशात. इंजिन थंड असू द्या. आपल्याकडं मे महिन्यात बोनेट बंद असलं तरी चटका बसतो, गरम रेडिएटरचं झाकण तर उघडूच नका, उकळतं पाणी उसळून तोंडावर येतं. पदर खोचा, वेणी बांधा. पाटल्या, धातूच्या बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र उतरवून ठेवा किंवा आत सरकवा. हे नटण्या-मुरडण्यावर बोट ठेवायला सांगत नाही. बॅटरीचं जास्त टोक आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये अंगठी आली तर ती क्षणात लालबुंद होते आणि बोट भाजतं.

बॅटरी सोडायची असेल तर आधी कमी चिन्हाची, म्हणजे अर्थची केबल सोडा. लावताना ती शेवटी लावा. याला कारण आहे. अर्थ जोडलेला असताना जास्तच्या टोकावर पाना लावला आणि पाना चुकून पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी पडते. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ बिडी-काडी नको.

पट्टा, नळी, वायर

बोनेट उघडल्यावर पहिल्यांदा डोळे फिरतात. आमच्यातली एक ताई म्हणाली, "व माय, हा तं उंदरानं केलेला संसार दिसते." (खरंच एके ठिकाणी उंदरानं वायर कुरतडलेल्या होत्या. कापूस, धान्याची पोती वाहणाऱ्या गाडीत हे पाहाच.) पण कुठलाही अनोळखी भाग असू द्या, त्याला बहुधा या तीनपैकीच काहीतरी जोडलेलं असतं: पट्टा, नळी किंवा वायर. कोणती आहे ते पाहा आणि तिचं दुसरं टोक सापडेपर्यंत बोटानं मागोवा घ्या. भागाचं नाव माहीत नसलं तरी काम कळतं.

पट्ट्यावर फिरणारं काय काय आहे ते आधी पाहा. पंख्याच्या मागं पाण्याचा पंप असतो, त्याला रेडिएटरची जाड रबरी नळी येते. दुसरा डायनामो. त्याच्या मागं एक जाड वायर असते, ती थेट बॅटरीकडं जाते. आणि एक बारीक, तीच आमची ती वायर. पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचा पंपही पट्ट्यावर असतो, त्याला तेलाची लहान टाकी.

आमच्या डायनामोला मात्र वायरीशिवाय मागच्या बाजूला एक बारीक तेलाची नळी आणि एक जाड रबरी होजही लागलेला होता. विजेच्या यंत्राला तेल कशाला? आम्ही दोन दिवस त्यावर डोकं खाजवलं. होजचा मागोवा घेतला तर तो ड्रायव्हरच्या पुढच्या पत्र्यावरच्या एका मोठ्या काळ्या डब्यात गेला, आणि त्या डब्याच्या पलीकडं ब्रेकचं पायडल. तेव्हा उलगडलं. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत डायनामोच्या पाठीला व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो. तो हवा ओढून घेतो आणि त्या ओढीच्या जोरावर काळा डबा, म्हणजे बूस्टर, ब्रेक दाबायला मदत करतो. इंजिनातलं तेल त्या पंपाला वंगण म्हणून जातं. आमचा होज टोकाशी चिरलेला होता. पायडल जड लागते अशी भावाची तक्रार होती आणि आम्ही त्याला म्हणत होतो की सवय नाही म्हणून वाटत असेल. भरलेली गाडी, पायडल जड, समोर बैलबंडी. पुढचं तुम्हीच समजा. नवा होज लावला, पायडल हलकं झालं. हा होज तुमच्या गाडीवर आजच पाहा, बाकीचं मग वाचा.

तपासायची सोपी रीत अशी. इंजिन बंद असताना पायडल चार-पाचदा दाबा, ते कडक होईल. मग दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पायडल थोडं खाली गेलं तर बूस्टर मदत करतोय. जागचं हललं नाही तर गाडी बाहेर काढू नका, आधी ब्रेकच्या मिस्त्रीला दाखवा.

डिझेलची वाट ओळखणं त्यामानानं सोपं. टाकीकडून नळी येते, हातानं दाबायच्या छोट्या पंपातून फिल्टरमध्ये जाते, फिल्टरमधून मोठ्या पंपात. ज्याच्यातून सारख्या जाडीच्या चार लोखंडी नळ्या निघतात आणि चारही इंजिनच्या डोक्याकडं जातात, तो डिझेल पंप. चार नळ्या म्हणजे चार सिलिंडर. नळीच्या शेवटी असतं ते नोझल. नोझलवरून एकाला एक जोडत जाणारी बारीक नळी दिसेल, ती उरलेलं डिझेल परत पाठवते. आपल्या उन्हानं ती तडकते आणि थेंब गळत राहतो. एक ध्यानात ठेवा: इंजिन चालू असताना गळणाऱ्या लोखंडी नळीला हात लावू नका. त्यात हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब असतो, डिझेल कातडी फोडून आत शिरतं. आणि डिझेल पंपाचे स्क्रू, विशेषतः तारेनं सील केलेले, फिरवू नका. ते पंपवाल्याचंच काम.

पुष्कळ जुन्या पंपांवर, नोझलवर "मायको" असं नाव कोरलेलं असतं. दुकानदाराला मायको मागितलं तर तो आता बॉशचा भाग देतो आणि आपल्याला वाटतं फसवतोय. फसवत नाही. १९५१ साली सुरू झालेली ही मायको कंपनी २००८ पासून बॉश नावानं चालते. नाव बदललं, पण भागावर कोरलेला लांबलचक नंबर लिहून घ्या. दुकानात नावापेक्षा तो नंबर कामाचा. नंबर पुसला असेल तर आरसी बुकावरचा चॅसी नंबर, सतरा अक्षर-आकड्यांचा, कंपनीच्या अधिकृत सुट्या भागांच्या काउंटरवर दाखवा. त्यावरून नेमका भाग निघतो. तो आकडा गाडीवर कोरलेल्या नंबराशी जुळतो का, हे गाडी घेण्याआधीच पाहायचं असतं, हेही जाता जाता सांगते.

ज्यांच्याकडं छोटा हत्ती आहे त्यांना बोनेटखाली इंजिन सापडणार नाही. २००५ साली आलेल्या त्या गाडीचं इंजिन सीटखाली असतं, सीट उचला. दोनच सिलिंडर, म्हणून पंपातून निघणाऱ्या नळ्याही दोनच.

एकच वायर कशी?

घरातल्या बल्बला दोन वायर लागतात. गाडीत मात्र कित्येक भागांना एकच वायर दिसते आणि आपल्याला वाटतं दुसरी तुटून पडली. तसं नाही. वीज जायला एक वाट आणि परतायला एक वाट हवीच, पण गाडीत परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. बॅटरीचं कमी टोक सांगाड्याला बांधलेलं असतं, त्यालाच अर्थ म्हणतात. म्हणून इंजिनात आवळलेल्या सेन्सरला एक वायर पुरते.

पण इंजिन बसलेलं असतं रबराच्या पायांवर, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनपासून सांगाड्यापर्यंत एक जाड, बहुधा विणलेली उघडी पट्टी असते. वेणीसारखी दिसते, चिखलानं माखलेली असते, आणि "ही काय उगाच लोंबते" म्हणून कोणीतरी काढून टाकतं. ती काढली की वीज परतायला दुसरी वाट शोधते, ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून जाते. सेल्फ मारताना केबल गरम होत असेल तर ही पट्टी पाहा. सेल्फ मंद, दिवे लुकलुकणं, एक इंडिकेटर लावला की दुसरा दिवा मिणमिणणं, अशा चमत्कारिक तक्रारींच्या मागं बहुतेक वेळा अर्थच असतो. टोकं काढून सॅण्डपेपरनं चकचकीत घासायची आणि घट्ट आवळायची. यात खर्च काहीच नाही.

एका वायरीचे दोन भाग सारखे दिसतात आणि गोंधळ करतात. एक तेलाच्या फिल्टरजवळ इंजिनच्या अंगात असतो, तो ऑइल प्रेशरचा स्विच. दुसरा वर, रेडिएटरची वरची नळी जिथं इंजिनला मिळते तिथं, तो पाण्याच्या तापमानाचा. ओळखायचं असं. चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. मीटरवर तेलाच्या झारीचा लाल दिवा लागलाच पाहिजे. फिल्टरजवळची वायर काढली की तो विझेल, आणि वायरचं टोक इंजिनच्या धातूला टेकवलं की पुन्हा लागेल. तापमानाच्या वायरीनं दिवा नाही, काटा हलेल. ती क्षणभरच टेकवा.

आमच्या गाडीत चावी फिरवली तरी तेलाचा दिवा लागतच नव्हता. वायर टेकवली तरी नाही. मीटर उघडून पाहिलं तर मागचा बल्बच काढून टाकलेला! आधीच्या कोणीतरी, दिवा सारखा लागतो म्हणून, दिव्याचाच बंदोबस्त केला होता. तेल कमी झालं असतं तर इंजिन बसेपर्यंत आम्हाला काही कळलं नसतं. म्हणून जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा पहिलं काम हे करा: चावी अर्धी फिरवा आणि मोजा. बॅटरीचा आणि तेलाचा, दोन्ही दिवे लागले पाहिजेत. इंजिन सुरू झालं की दोन्ही विझले पाहिजेत. न लागणारा दिवा हा लागून राहणाऱ्या दिव्यापेक्षा वाईट.

टेस्ट लॅम्प

काकांनी आम्हाला एक वस्तू करून दिली. मीटरमधला असतो तसा १२ व्होल्टचा छोटा बल्ब, एका वायरीला चिमटा, दुसरीला टोकदार सळई. मोठा बल्ब घेऊ नका, तो जास्त वीज ओढतो. चिमटा बॅटरीच्या कमी टोकाला लावायचा आणि सळई अनोळखी वायरच्या टोकाला टेकवायची. चावी बंद असतानाही बल्ब लागला तर ती वायर कायम जिवंत आहे, थेट बॅटरीची. चावी फिरवल्यावरच लागला तर ती चावीतून येते. दिव्यांचं बटण, हॉर्न, ब्रेक, रिव्हर्स गिअर, एकेक करून पाहायचं. एकीनं आत बसून बटणं दाबायची, दुसरीनं बाहेर सांगायचं. कशानंच लागला नाही तर चिमटा जास्तच्या टोकाला लावून पाहा. मग लागला तर ती वायर अर्थला पोचते आहे.

दोन-तीनशे रुपयांत साधा मल्टीमीटर मिळतो, तोही ठेवा. उभ्या गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं पाहिजे. चालू इंजिनवरही १२ च्या आसपासच घुटमळत असेल तर बॅटरी विकत घेऊ नका, डायनामोकडं जा. हा एक आकडा आम्हाला तेव्हा माहीत असता तर गटाचे पैसे वाचले असते.

हे सगळं जुन्या गाडीसाठी आहे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, त्या काळातल्या डिझेल गाड्यांत इंजिनचा कारभार कॉम्प्युटर पाहतो. तिथं टेस्ट लॅम्प टोचत बसू नका, कॉम्प्युटरला इजा होते. ती गाडी स्कॅनर असलेल्याकडंच न्यायची.

वायरच्या रंगावर फार विसंबू नका. काळी म्हणजे अर्थ हे पुष्कळदा खरं असतं, पण दर कंपनीचं वेगळं असतं, आणि आधीच्या मिस्त्रीनं हाताला लागेल त्या रंगाचा तुकडा जोडलेला असतो. त्यापेक्षा टोकाजवळ कोरलेले आकडे पाहा. ही जर्मन पद्धत आहे, आपल्याकडच्या रिलेवरही सापडते. ३० म्हणजे कायम जिवंत, १५ म्हणजे चावीनंतर जिवंत, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे सेल्फला इशारा देणारी. रिले म्हणजे ती छोटी चौकोनी डबी, बारीक विजेनं मोठी वीज चालू करणारी, शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरसारखी. तिच्यावर ८५ आणि ८६ ही इशाऱ्याची टोकं, ३० वर वीज येते, ८७ वरून पुढं जाते. कोणता रिले कशाचा हे कळत नसेल तर त्यावर बोट ठेवा आणि आतल्या ताईला बटण दाबायला सांगा. ज्याचा टक् असा ठोका बोटाला लागेल तो त्याचा.

कोणी जोडली आणि का

आमच्या गाडीत कंपनीच्या नसलेल्या सात वायर सापडल्या. टेपरेकॉर्डरची, निळ्या दिव्यांची, मागं माल उतरवायला लावलेल्या बल्बची, अशा. कंपनीची वायर ओळखू येते: ती इतरांबरोबर एका काळ्या आवरणातून जाते, टोकाला कपलर असतो. नंतर जोडलेली एकटीच लोंबत जाते, मध्ये पिळून टेप मारलेला असतो.

सातपैकी मागच्या बल्बची वायर सर्वात वाईट होती. ती बॅटरीच्या जास्त टोकावरून निघून, मध्ये फ्यूज नाही, पत्र्याच्या धारेवरून वाकून मालाच्या हौद्यात गेलेली. धारेवर तिचं आवरण अर्धं घासलं होतं. उरलेलं घासलं असतं आणि तांबं पत्र्याला टेकलं असतं, तर बॅटरीची सगळी ताकद त्या बारीक तारेतून गेली असती, तार निखाऱ्यासारखी तापली असती. आणि त्या हौद्यात आम्ही कापूस नेत होतो, सुटा, काठोकाठ.

फ्यूज कशासाठी असतो ते यावरून समजा: वायर जळण्याआधी स्वतः जळायला. म्हणून तो बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, आणि वायरच्या जाडीला साजेसा. चपट्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. समोरचे दोन दिवे मिळून साधारण ११० वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर नऊ-एक अँपिअर झाले. माल उतरवायच्या छोट्या बल्बला ५ चा फ्यूज भरपूर. लाल फ्यूज वारंवार उडतो म्हणून तिथं हिरवा घालणं किंवा चांदीचा कागद गुंडाळणं म्हणजे घराला कडी नसली तर भिंतच पाडण्यासारखं आहे. उडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. फ्यूजच्या डबीच्या झाकणाच्या आत बहुधा तक्ता छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

गाडीची वही

पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र हिशोब लिहिण्याचं. आम्ही तेच गाडीला लावलं. शंभर पानी वही, आणि रकाने आपल्या रोजकीर्दीसारखेच: क्रमांक, कुठून निघते, कुठं जाते, केव्हा जिवंत, फ्यूज कितीचा, कोणी तपासलं, तारीख. वायरला कागदी टेपनं क्रमांक लावून पाहिला, तेलानं आणि उन्हानं आठवड्यात गळून पडला. मग एका ताईनं जुन्या सुती लुगड्याच्या अरुंद पट्ट्या फाडल्या, मार्करनं क्रमांक घातला आणि गाठ मारली. पट्ट्या पट्ट्यापासून आणि गरम नळीपासून लांब बांधायच्या एवढंच. काही काढायच्या आधी मोबाइलवर तीन फोटो: लांबून, जवळून, बाजूनं.

आता गाडी गॅरेजात जाते तेव्हा वही सोबत जाते. दोघींपैकी एकीनं थांबायचं. कापायची असेल तर आधी विचारा, काढलेला जुना भाग परत द्या, बिलावर भागाचा नंबर लिहा, एवढं सांगायचं. पहिल्यांदा मिस्त्री हसले. एक जण म्हणाला, "ताई, तुम्ही तं गाडीचा सातबाराच काढला." पण खरं सांगते, चांगल्या मिस्त्रीला वही आवडते. त्याचा अर्धा दिवस वायर शोधण्यात जातो, तो वाचतो. ज्याला नाही आवडली त्याच्याकडं आम्ही परत गेलो नाही.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावी लागते. तेव्हा दिवे, इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक पाहतात. या वेळी आदल्या रात्री धावपळ झाली नाही, वही उघडली आणि ओळीनं टिक करत गेलो.

वहीत सध्या एकतीस क्रमांक आहेत. तीस रकाने भरलेत. चौदा नंबरची निळी-पांढरी वायर गिअरबॉक्सच्या बाजूनं येते, कशानंच जिवंत होत नाही आणि पुढं आवरणात शिरून दिसेनाशी होते. तिच्या टोकावर टेप गुंडाळून ती बांधून ठेवली आहे, आणि "कुठं जाते" च्या रकान्यात लिहिलं आहे: शोध सुरू, कापू नये.